जुन्या व्हिडिओ गेमचे पॅड आजच्या कॉम्प्युटरला जोडायचेत? नेहमी येणारे प्रश्न

माळ्यावरचा खोका उतरवला, त्यात लहानपणीचा व्हिडिओ गेम निघाला, सेट तर चालू होत नाही पण पॅड धड दिसतोय, मग तो लॅपटॉपला लावून खेळता येईल का? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी सगळं एका जागी लिहून काढतोय. उत्तर हो आहे, आणि बहुतेक पॅडच्या बाबतीत फार खर्चही नाही. आपल्याकडे बरेच जण त्याला रिमोट म्हणायचे, काही जॉयस्टिक म्हणायचे, मी इथे पॅड म्हणतोय. एकच विनंती आहे, आधी आपला पॅड नेमका कुठला ते ओळखा आणि मगच काहीतरी विकत घ्या, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

माझा पॅड कुठला हे कसं ओळखू?

प्लग बघा. पॅडचा आकार बघू नका, कारण नकली सेटवाल्यांनी सेगासारखा दिसणारा, प्लेस्टेशनसारखा दिसणारा, सगळ्या प्रकारचा पॅड काढला आणि आत मात्र तेच जुनं फॅमिकॉमचं सर्किट ठेवलं.

नव्वदीत आपल्या घरी जे सेट आले, समुराई म्हणा, मीडिया म्हणा किंवा नाव नसलेले, ते जवळपास सगळे निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांचा प्लग बहुतेक वेळा ९ पिनचा असतो, पाच वर आणि चार खाली, किंवा मग १५ पिनचा रुंद असतो. परदेशातून आलेला खरा नेस (फॅमिकॉमचाच अमेरिका-युरोपातला अवतार) असेल तर ७ पिनांचा, एक कोपरा कापलेला जाड प्लग. सुपर निंटेंडोचा लांबट, त्यात सात भोकं ओळीनं, चार एकीकडे आणि तीन दुसरीकडे. प्लेस्टेशन १ आणि २ चा चपटा ९ पिनचा, मध्ये तीन कप्पे पाडलेला. निंटेंडो ६४ चा तीन पिनांचा. सेगा मेगा ड्राइव्ह आणि अटारीचा पुन्हा ९ पिनचा, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

९ पिनचा आहे म्हणजे सगळे सारखेच ना?

नाही, अजिबात नाही, आणि हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय. एका ऑनलाइन विक्रेत्यानं '९ पिनच्या सगळ्या जुन्या पॅडसाठी' असं लिहून अडॅप्टर विकलं, ते मेगा ड्राइव्हचं होतं, माझा पॅड नकली फॅमिकॉमचा. एकही बटण लागलं नाही आणि परत घ्यायलाही तयार नाहीत.

कारण असं आहे. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये चिप नाहीच, प्रत्येक दिशेला एक तार आणि बटणाला एक तार, दाबलं की ती ग्राउंडला (म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला) चिकटते, बास. मेगा ड्राइव्हच्या तीन बटणांच्या पॅडमध्ये एक निवड करणारी चिप असते, कन्सोल (म्हणजे गेमचा मूळ सेट) एका तारेवर वर-खाली सिग्नल देतो आणि त्याप्रमाणे त्याच तारांवर एकदा बी आणि सी दिसतात, एकदा ए आणि स्टार्ट. नकली फॅमिकॉममध्ये ९ पैकी फक्त पाच पिना कामाच्या आणि सगळी बटणं एकाच तारेवरून रांगेनं येतात. बाहेरून भोकं तीच, आतल्या भाषा तीन वेगवेगळ्या, आणि ५ व्होल्टची पिनही वेगळ्या जागी. त्यामुळे बसतोय म्हणून लावून बघू असं करू नका, भलत्या पिनवर ५ व्होल्ट गेले तर तीस वर्षं टिकलेली चिप एका सेकंदात जाऊ शकते.

१५ पिनचा प्लग जुन्या साउंड कार्डच्या जॉयस्टिक पोर्टसारखाच दिसतो. तो लावू का?

नका लावू. तो गेमपोर्ट. त्यात जॉयस्टिकच्या आतल्या पोटेन्शिओमीटरचा रेझिस्टन्स मोजला जायचा, म्हणजे दांडी किती कलली ते. फॅमिकॉमच्या १५ पिनशी त्याचा काही संबंध नाही, फक्त कनेक्टर एकाच कारखान्यातला. आणि गेमपोर्टला यूएसबी करणारी जी अडॅप्टर मिळतात तीही याच कारणानं उपयोगाची नाहीत.

इंटरनेटवर प्रिंटर पोर्टला पॅड जोडायची जुनी सर्किटं सापडली. यूएसबी ते प्रिंटर केबल घेतली तर?

ती सर्किटं खरी आहेत, त्या काळी लोकांनी भरपूर वापरली, लिनक्समध्ये तर त्यासाठी गेमकॉन नावाचा ड्रायव्हरच होता. पण त्यात कॉम्प्युटर त्या पोर्टची एकेक पिन हातानं वर-खाली करायचा. यूएसबी ते प्रिंटर केबल फक्त प्रिंटरशी बोलते, एकेक पिन तुमच्या ताब्यात देत नाही. म्हणून चालणार नाही. मदरबोर्डवर खराखुरा पॅरलल पोर्ट (तोच जुना प्रिंटर पोर्ट) असलेला जुना डेस्कटॉप असेल तर गोष्ट वेगळी.

आत नेमकं काय असतं? उघडून बघू का?

जरूर उघडा! मागचे चार-पाच स्क्रू, साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर. मागचं झाकण अलगद उचला, प्लेट खाली पडू देऊ नका, बटणं सुटून घरंगळतात.

माझ्या मोठ्या भावाचा पॅड मी उघडला तेव्हा सगळ्यात आधी वास आला, जुन्या रबराचा आणि धुळीचा. राखाडी रबराच्या टोप्या, प्रत्येक टोपीच्या पोटात काळी कार्बनची टिकली. खाली प्लेटवर कंगव्याचे दात एकमेकांत अडकवावेत तसे तांब्याचे पट्टे. टिकली पट्ट्यांवर टेकली की दोन्ही कंगवे जोडले जातात, झालं बटण दाबून. बटण ए च्या टिकलीला मधोमध चक्क खड्डा पडला होता, कॉन्ट्रामध्ये दोन वर्षं सतत फायर केल्याचा.

खऱ्या निंटेंडोच्या पॅडमध्ये तिथे ४०२१ नावाची चिप दिसेल, आठ इनपुटवाली शिफ्ट रजिस्टर. नकलीमध्ये तिच्या जागी बहुतेक वेळा काळ्या डांबरासारखा गोल ठिपका असतो, त्याच्या खाली उघडी चिप चिकटवलेली असते. काम दोघांचं एकच. कन्सोल लॅचच्या तारेवर एक छोटा ठोका देतो, साधारण १२ मायक्रोसेकंदांचा, त्या क्षणी आठही बटणांची स्थिती चिप पकडून ठेवते. मग क्लॉकच्या तारेवर एकेक ठोका, आणि दर ठोक्याला डेटाच्या तारेवर एकेक बटण बाहेर येतं, क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दाबलेलं असेल तर शून्य व्होल्ट, नसेल तर ५. एवढंच आहे. लॅच, क्लॉक, डेटा, ५ व्होल्ट, ग्राउंड, पाच तारा. सुपर निंटेंडोमध्ये हेच, फक्त १६ ठोके आणि त्यातली १२ बटणं.

इतकी साधी रचना आहे म्हणूनच हे पॅड आजही जिवंत करता येतात, आणि म्हणूनच 'जुनं झालं, टाकून दे' असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

तयार अडॅप्टर घेऊ की स्वतः बनवू?

प्लेस्टेशन २ चा पॅड असेल तर तयारच घ्या, स्वस्त मिळतं, एका अडॅप्टरला दोन पॅड जोडता येतात. खरा नेस, सुपर निंटेंडो, मेगा ड्राइव्ह, निंटेंडो ६४ यांचीही तयार अडॅप्टर मेफ्लॅश, रॅफनेट यांच्यासारख्यांची आहेत, पण ती बहुतेक बाहेरून मागवावी लागतात आणि कस्टमचा खर्च धरला तर कधीकधी पॅडपेक्षा महाग पडतात. आपल्या ९ पिनच्या नकली पॅडसाठी मात्र स्वतः बनवणं हाच सरळ मार्ग आहे, सोल्डरिंग येत असेल तर एका दुपारचं काम.

बनवायचं तर काय काय लागेल?

एक प्रो मायक्रो बोर्ड. हा आर्डुइनोचाच (प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डचा) छोटा भाऊ, त्यावर एटीमेगा ३२यू४ चिप असते, आणि हीच चिप हवी कारण ती स्वतः यूएसबीवर कीबोर्ड किंवा गेमपॅड म्हणून उभी राहू शकते. बऱ्याच जणांकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचा आर्डुइनो उनो आर३ पडलेला असतो, तो चालेल का असं विचारतात. सरळसरळ नाही चालत, त्याच्या मुख्य चिपला यूएसबी नाही, मध्ये दुसरी चिप बसवलेली आहे. प्रो मायक्रो घेताना ५ व्होल्टवाला घ्या, ३.३ वालाही तसाच दिसतो.

बाकी ९ पिनचा कनेक्टर (पॅडच्या प्लगला भोकं असतील तर तुम्हाला पिना असलेला हवा), थोडी वायर, सोल्डर आणि एक मल्टिमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. पॅडच हवा असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा, केबल मुळाशी तुटलेली नाही ना ते वाकवून बघा.

जोडणी अशी: बोर्डचा व्हीसीसी पॅडच्या ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, आणि लॅच, क्लॉक, डेटा तीन साध्या पिनांना. प्रोग्राम स्वतः लिहायचा तर वर सांगितलेलाच क्रम: लॅच वर करा, खाली आणा, डेटा वाचा, क्लॉकला ठोका, पुन्हा वाचा, असं आठ वेळा. नसेल लिहायचा तर डेमनबाइट नावाचा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, त्यात नेस, सुपर निंटेंडो, मेगा ड्राइव्ह सगळ्यांचे तयार प्रोग्राम आहेत, कुठली तार कुठल्या पिनला तेही दिलंय.

दोन पॅड लावायचे असतील तर लॅच आणि क्लॉक दोघांना मिळून एकच, डेटाची तार तेवढी वेगळी.

पॅडच्या तारांचे रंग इंटरनेटवरच्या चित्राशी जुळत नाहीत.

जुळणारच नाहीत. नकली सेट बनवणाऱ्यांनी ज्या दिवशी जी वायर हाताला लागली ती लावली. माझ्या दोन पॅडमध्ये, एकाच खोक्यातल्या, एकात लाल ५ व्होल्ट आहे आणि दुसऱ्यात लाल चक्क ग्राउंड! रंगावर एक पैशाचाही विश्वास ठेवू नका.

मल्टिमीटर बीप मोडवर टाका. पॅड उघडा, सगळ्या बटणांच्या खालून एक तांब्याचा पट्टा सलग फिरलेला दिसेल, तो ग्राउंड. एक टोक त्यावर ठेवा, दुसरं प्लगच्या एकेका भोकात घाला, जिथे बीप वाजेल ती ग्राउंडची पिन. ४०२१ चिप असेल तर पुढचं सोपं, ग्राउंड ८ व्या पायावर, पुरवठा १६ व्या, लॅच ९ व्या, क्लॉक १० व्या आणि डेटा ३ ऱ्या पायावर, पायापासून प्लगपर्यंत बीप शोधत जा. काळा ठिपका असेल तर प्लेटवर तारा जिथे सोल्डर केल्यात तिथे कधीकधी बारीक अक्षरं छापलेली असतात ती बघा. नसतील तर ग्राउंड आणि पुरवठा पक्का करून उरलेल्या तीन तारा आलटून पालटून बघाव्या लागतात, सहाच प्रकार होतात. त्या वेळी प्रत्येक तारेत एक १ किलोओहमचा रेझिस्टर घाला म्हणजे चूक झाली तरी चिपला धक्का लागत नाही.

नेसचा पॅड लावला तर चार बटणं कायम दाबलेली दिसतात. खराब आहे का?

पॅड चांगला आहे. तुमचं अडॅप्टर किंवा प्रोग्राम त्याला सुपर निंटेंडोचा समजून १६ ठोक्यांपर्यंत वाचतोय. नेसच्या चिपकडे आठच बटणं, नवव्या ठोक्यापासून ती तार खालीच राहते, आणि खाली म्हणजे दाबलेलं, म्हणून ए, एक्स, एल, आर चारही दाबलेली दिसतात. मोड बदला.

रास्पबेरी पाय पिको घरात आहे. त्यावर होईल?

होईल, पण पिको (प्रो मायक्रोसारखाच एक छोटा बोर्ड) ३.३ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पिनांना ५ व्होल्ट सहन होत नाहीत. म्हणून पॅडलाही ३.३ च द्या. ४०२१ चिप ३ व्होल्टपासून चालते, मेगा ड्राइव्हच्या तीन बटणांच्या पॅडमधली चिपही चालते. काळ्या ठिपक्याचं काही सांगता येत नाही, माझ्याकडचा एक चालला, एक अडखळला.

प्लेस्टेशनचा पॅड लागला पण थरथरत नाही किंवा खूप हळू थरथरतो.

प्लेस्टेशनच्या प्लगमध्ये मोटरसाठी वेगळी पिन आहे, तिथे साधारण ७.५ व्होल्ट येतात. यूएसबीमध्ये असतात ५. चांगल्या अडॅप्टरमध्ये व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं, स्वस्तात ते गाळलेलं असतं. याशिवाय स्वस्त अडॅप्टरसोबत छोटी सीडी येते, आजच्या लॅपटॉपला ड्राइव्ह कुठून असणार, पण घाबरू नका, त्या सीडीशिवायही बटणं सगळी चालतात, थरथर तेवढी अडते.

अजून एक, पीएस२ च्या ड्युअलशॉक २ मध्ये बटण किती जोरात दाबलं तेही कळतं. बहुतेक अडॅप्टर ते फेकून देतात आणि फक्त दाबलं की नाही एवढंच पुढे पाठवतात. गाड्यांच्या गेममध्ये हा फरक जाणवतो.

आणि डान्स मॅट जोडणाऱ्यांसाठी: डावा आणि उजवा बाण एकदम दाबला की दोन्ही गायब होतात ना? अडॅप्टर चार बाणांना जॉयस्टिकची दांडी समजतंय, दांडी एकाच वेळी दोन्हीकडे कशी जाईल, म्हणून ती मध्यावर धरते. ज्यात बाणांची चार वेगळी बटणं करायचा मोड आहे असंच अडॅप्टर मॅटसाठी घ्या, विकत घेण्याआधी हे विचाराच.

निंटेंडो ६४ आणि गेमक्यूब?

या दोघांत डेटाची एकच तार, तिच्यावरूनच प्रश्न आणि तिच्यावरूनच उत्तर. एका बिटाला ४ मायक्रोसेकंद. वेळेचं गणित काटेकोर आहे त्यामुळे पहिला प्रोजेक्ट म्हणून हा घेऊ नका. गेमक्यूबसाठी निंटेंडोनं २०१४ मध्ये वी यू या कन्सोलसाठी काढलेलं अडॅप्टर चालतं, पण विंडोज त्याला गेमपॅड म्हणून आपोआप ओळखत नाही, झॅडिग नावाच्या छोट्या टूलनं ड्रायव्हर बदलावा लागतो. त्याला दोन यूएसबी प्लग आहेत, राखाडी प्लग फक्त थरथरीच्या वीजपुरवठ्यासाठी.

निंटेंडो ६४ ची दांडी सैल पडून लोंबत असेल आणि बुडाशी पांढरी पूड दिसत असेल तर ते प्लास्टिक झिजलंय, अडॅप्टर बदलून फरक पडणार नाही, दांडीचा आतला भाग बदलावा लागेल.

पहिल्या एक्सबॉक्सचा पॅड?

तो मुळात यूएसबीच आहे, फक्त प्लगचा आकार वेगळा केला. बाजारात सरळ बदल-केबल मिळते. लिनक्समध्ये लगेच चालतो, विंडोजवर वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.

विंडोज पॅड दाखवतंय, पण गेममध्ये काहीच होत नाही!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आधी खात्री करा की विंडोजपर्यंत बटणं पोचतायत: विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, इंग्रजीत जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करा, पॅड निवडून प्रॉपर्टीज उघडा, बटण दाबलं की लाल दिवा लागला पाहिजे. लागला तर तुमच्या वायरिंगमध्ये काही चूक नाही.

मग अडलं कुठे? विंडोजमध्ये पॅडशी बोलायच्या दोन पद्धती आहेत. जुनी डायरेक्टइनपुट, कुठलाही पॅड चालतो पण कुठलं बटण कुठलं ते गेमला माहीत नसतं. दुसरी एक्सइनपुट, २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत आली, तिच्यात बटणांची जागा ठरलेली. नवे गेम बरेचसे एक्सइनपुटच बघतात. आणि आपली अडॅप्टर जवळपास सगळी डायरेक्टइनपुटवाली.

स्टीममधून (गेम विकत घेऊन चालवायच्या ॲपमधून) गेम खेळत असाल तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन स्टीम इनपुट चालू करा आणि एकदा बटणं नेमून द्या, बाकी ते सांभाळतं. स्टीमबाहेरच्या गेमसाठी एक्स३६०सीई नावाचं टूल आहे. एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळणार असाल तर हा सगळा त्रासच नाही, रेट्रोआर्क किंवा मेसेनमध्ये इनपुट सेटिंग उघडा, एकेक बटण दाबत जा, झालं.

लिनक्सवाल्यांनी जेएसटेस्ट-जीटीके नावाचं टूल टाका, त्यात तेच दिवे दिसतात. मॅकवर अडॅप्टर ड्रायव्हरशिवाय दिसतं, ओपनएमू या एम्युलेटरमध्ये बटणं नेमून द्यायची.

अडॅप्टरमुळे उशीर होतो का? उडी उशिरा बसते असं वाटतं.

थोडा होतो, पण बहुतेक वेळा दोष अडॅप्टरचा नसतो. हिशेब बघा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलीसेकंदांचा, आणि जुना कन्सोल स्वतः पॅडला फ्रेममध्ये एकदाच विचारायचा. साधं अडॅप्टर सेकंदाला १२५ वेळा विचारतं, म्हणजे जास्तीत जास्त ८ मिलीसेकंद वाट. प्रो मायक्रोवर नीट लिहिलेला प्रोग्राम सेकंदाला १००० वेळा, म्हणजे १ मिलीसेकंद. याउलट टीव्ही गेम मोडवर नसेल तर चित्र सुंदर करण्याच्या नादात तो एकटाच कितीतरी फ्रेम खातो. म्हणून आधी टीव्हीचा गेम मोड लावा. मग रेट्रोआर्कमध्ये रन-अहेड नावाची सोय आहे, ती गेमच्या आतला उशीरसुद्धा कापते, एक फ्रेमपासून सुरू करा.

टर्बोची बटणं चालतील?

चालतील, ती पॅडच्या आतच काम करतात. काही पॅडमध्ये टर्बोचा वेग लॅचच्या ठोक्यांवर ठरतो, तिथे अडॅप्टर सेकंदाला हजार वेळा विचारू लागलं की टर्बो इतका वेगात होतो की गेमला गोळी सुटलेली कळतच नाही. तसं झालं तर प्रोग्राममध्ये वाचायचा वेग सेकंदाला ६० वर आणा.

एम्युलेटरमध्ये मारिओ लहानपणीपेक्षा फास्ट का पळतो? पॅडचा दोष आहे का?

पॅडचा काही संबंध नाही, आणि तुमची आठवण बरोबर आहे! आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० फ्रेमवाले, आणि आपल्याकडचे बरेच नकली सेट त्यानुसार ५० वर चालायचे. एम्युलेटर अमेरिकन-जपानी ६० वर चालतो. मेसेन आणि एफसीईयूएक्स दोन्हीमध्ये रीजनच्या सेटिंगमध्ये डेंडी नावाचा पर्याय आहे, डेंडी हा रशियातला असाच एक नकली सेट. तो निवडला की खेळ त्या वेगावर येतो. मी भावाला न सांगता तो पर्याय लावून पॅड हातात दिला, पहिली उडी मारल्यावर तो म्हणाला, 'हां, हा आपला मारिओ.'

सोबतची बंदूक चालेल का?

नव्या टीव्हीवर नाही चालणार. ती बंदूक काही सोडत नाही, उलट नळीतून टीव्हीकडे बघते. ट्रिगर दाबला की गेम पडदा क्षणभर काळा करतो, मग निशाण्याच्या, म्हणजे बदकं मारायच्या गेममध्ये बदकाच्या, जागी पांढरा चौकोन काढतो, बंदुकीला उजेड दिसला की नेम लागला. खऱ्या निंटेंडोच्या बंदुकीत तर जुन्या काचेच्या टीव्हीच्या साधारण १५ किलोहर्ट्झच्या झगमगाटालाच ओळखणारं सर्किट आहे, एलसीडीचा स्थिर उजेड तिला दिसत नाही. शिवाय नवा टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, तोवर गेमची वेळ संपलेली असते. बंदुकीचे गेम खेळायचेच असतील तर सिंडेनसारखी कॅमेरावाली नवी बंदूक घ्यावी लागेल, किंवा कुणाकडे जुना काचेचा टीव्ही असेल तर तो भंगारात जाण्याआधी मागून घ्या.

एकच बटण लागत नाही. केबल बदलू?

थांबा, केबलला हात लावू नका. नेसच्या आणि आपल्या नकली पॅडमध्ये आठही बटणं एकाच तारेवरून येतात, तार तुटली तर सगळीच बंद पडतील. एकच बटण मेलंय म्हणजे दोष त्या बटणाच्या कार्बनमध्ये किंवा खालच्या पट्ट्यात. अटारीत उलट, तिथे प्रत्येक दिशेची तार वेगळी, त्यामुळे एकच दिशा गेली तर केबलवर संशय घ्या.

कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तांब्याचे पट्टे पुसा, हिरवट डाग जाईपर्यंत. कार्बनच्या टिकलीवर मात्र हलका हात ठेवा, घासलीत तर उरलेला कार्बनही जाईल. पॉलिश पेपर अजिबात नको. टिकली पार झिजली असेल तर टीव्हीचे रिमोट दुरुस्त करणाऱ्याकडे जा, त्यांच्याकडे चिकटवायच्या नव्या कार्बन टिकल्या असतात.

आणि सगळाच पॅड बंद असेल तर केबल जिथे पॅडमध्ये शिरते ती मान वाकवून बघा, दहापैकी आठ वेळा तार तिथेच तुटलेली असते. चार बोटं मागून कापा, सोला, पुन्हा सोल्डर करा.

प्लग कापून सरळ यूएसबी केबलच आत बसवली तर?

खऱ्या निंटेंडोचा, सेगाचा पॅड असेल तर प्लीज कापू नका. ते आता नवे निघत नाहीत, आणि उद्या कुणाकडे चालू कन्सोल असेल तर तो पॅड तिथे लागला पाहिजे. एक एक्स्टेन्शन केबल घ्या आणि ती कापा, पॅड तसाच राहतो. नकली पॅडचा काळा ठिपकाच मेला असेल तर मात्र खुशाल आत पिको बसवा, प्रत्येक बटणाच्या पट्ट्याला एक तार आणि वर जीपी२०४०-सीई हे फुकट फर्मवेअर (बोर्डवर घालायचा तयार प्रोग्राम), ते सरळ एक्सइनपुट देतं म्हणजे नव्या गेममध्येही चालतं. ठिपक्याकडे जाणारे पट्टे आधी ब्लेडनं तोडा नाहीतर मेलेली चिप मध्ये लुडबूड करते.

गेम कुठून मिळतील?

दुसऱ्याचे गेम उतरवून घ्यायच्या जागा मी सांगणार नाही. पण नेससाठी आजही लोक नवीन गेम लिहितात, इच.आयओ (itch.io) या साइटवर होमब्रू म्हणून शोधलं तर बरेच फुकट आणि कायदेशीर सापडतील, आणि या पॅडवर ते मस्त चालतात.

पावसाळ्यात पॅड कसे ठेवायचे?

पिनांवर हिरवा थर चढतो तो दमटपणामुळे, कोकणात आणि मुंबईत तर एका पावसात चढतो. पॅड पुसून, पूर्ण कोरडा करून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, आत नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. केबल पॅडभोवती आवळून गुंडाळायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती सोडा, मानेशी तार तुटते ती त्यानंच. सैल वेटोळं करून बाजूला ठेवा.